नागरी हक्क आणि सरकारी वकील



वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार झाले तर ग्रहताऱ्यांवर बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. सरकारी वकिलाला बोलावून त्याला त्याच्याच धंद्याविषयी बोलावयास लावावे ही कल्पना सर्वस्वी चालकांची. तेव्हा व्याख्यान रुक्ष झाले तर निम्मा दोष त्यांच्या पदरी घालावा. विषयही त्यांनीच नेमून दिला. नागरी हक्कांचे कायदे राबविताना सरकारी वकिलाला काय करावे लागते, ते सांगा म्हणाले.

'नागरी हक्क' म्हटले की मतदान आठवते, भाषणस्वातंत्र्य आठवते. आमच्या दप्तरात या शब्दाखाली फार लहानलहान गोष्टी येतात. सार्वजनिक नळाला घागर लावणे, केशकर्तनालयातील खुर्चीत बसणे, देवळाची पायरी चढणे, पैसे मोजून दुकानातून माल घेणे, लग्नाची वरात भर रस्त्याने नेणे. ज्यांना या गोष्टी कधी कोणी नाकारल्या नाहीत त्यांना त्या हक्क वाटतच नाहीत. ज्याला नाकारल्या त्याला विचारले तर तो मतदानाच्या आधी घागरीचे नाव घेईल.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, अशी लोकांची समजूत असते. पुष्कळ पोलिसांचीही असते. वास्तविक तसे नाही. तपास पोलिसांचा, खटला सरकारचा आणि निकाल न्यायाधीशाचा. मध्ये उभा राहणारा वकील कोर्टाला मदत करण्यासाठी उभा असतो. आरोपीला कसेही करून तुरुंगात घालणे हे त्याचे काम नव्हे. पुरावा नसेल तर तो नाही असे सांगणे हेही त्याच्याच कर्तव्यात मोडते. इतर खटल्यांत हे सांभाळणे तितकेसे अवघड नसते. नागरी हक्कांच्या खटल्यात मात्र सरकारी वकिलाला आणखी एक काम अंगावर घ्यावे लागते. फिर्याद नोंदवल्यापासून साक्षीचा दिवस उगवेपर्यंत फिर्यादी आणि साक्षीदार यांना उभे ठेवणे, हे ते काम. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात या कामावर प्रकरण नाही. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्यावरच आहे.

पण आधी कायदा कुठून आला ते पाहू. त्यातला काही भाग आपल्या परिसरातूनच गेलेला आहे.

राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नाहीशी केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरविला. घटना १९५० साली अमलात आली. परंतु गुन्ह्याला शिक्षा सांगणारा कायदा १९५५ साली झाला आणि १ जून १९५५ पासून तो लागू झाला. कोल्हापूर संस्थानात यापूर्वी छत्तीस वर्षे, १९१९ साली, शाहू महाराजांनी हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या सर्वांना मोकळ्या केल्या होत्या, आणि अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसविले होते. त्या हुकुमांतला आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग अधिकाऱ्यांविषयीचा आहे. ज्या अंमलदाराला अस्पृश्यांना समतेने वागविणे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. महाराजांना ठाऊक होते, की हुकूम मोडतो तो विहिरीवर नव्हे, कचेरीत मोडतो. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगणारे कलम आमच्या कायद्यात यायला १९८९ साल उजाडावे लागले.

महाराजांनी अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदाही दिल्या. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा महाराज तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोष्ट गोड आहे. पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर तीत एक अडचण आहे. राजा चहा पितो तोवर दुकान चालते. राजा गेल्यावर ते चालायचे असेल तर दुसरी काही व्यवस्था पाहिजे. मार्च १९२० मध्ये आपल्याच तालुक्यातील माणगावला परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, महाराज स्वतः आले आणि हा तुमचा पुढारी असे त्यांनी लोकांना सांगितले. इथून माणगाव काही लांब नाही. राजाच्या मर्जीवरचा हक्क पुढे कायद्याच्या पुस्तकात कसा जाणार, याची सुरुवात तिथे झाली असे आम्ही मानतो.

पुढचा मुक्काम महाडचा. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्यायले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले होते ते फारसे कोणी सांगत नाही. स्पृश्य मंडळींनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला. तळे आमचे, अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी कालापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. महाडच्या कोर्टात ते १९३१ साली हरले, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली हरले आणि मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली हरले. हरले ते कशावर? अस्पृश्यता वाईट आहे असे काही त्या न्यायाधीशांनी ठरविले नाही. वहिवाट तुम्ही सांगता, तर ती तुम्हीच शाबीत करा, एवढेच कोर्टाने म्हटले. आणि ती अनादी असल्याचे त्यांना शाबीत करता आले नाही.

आम्हां वकिलांच्या दृष्टीने सगळी मेख इथे आहे. पुराव्याचा भार कोणावर, यावर निम्मे खटले ठरतात. १९५५ च्या कायद्याचे १२ वे कलम वाचताना आम्हांस महाडचा तो दावा आठवतो. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत या कायद्याखालचे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे कोर्टाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावयाचे. मनातले कारण फिर्यादी कुठून दाखविणार? म्हणून कायद्याने ते ओझे त्याच्या डोक्यावरून उचलले. परंतु कृत्य घडले हे तरी फिर्यादीलाच दाखवावे लागते, आणि त्याला साक्षीदार लागतो.

१९५५ च्या कायद्यात एक मोठे भगदाड होते. गुन्हा दखलपात्र होता, पण आपसात मिटविण्याजोगाही होता. ज्याचा हक्क नाकारला त्याने 'आमचे मिटले' म्हटले की खटला संपे. खेड्यात असे म्हणावयास लावणे किती सोपे असते हे आपणांस सांगावयास नको. रान त्याच्या मालकीचे नाही, रोजगार गावातल्या शिवारात, किराणा उधारीवर. इलयापेरुमल समितीने १९६९ साली आपला अहवाल दिला, त्यानंतर कायद्याची दुरुस्ती होऊन नोव्हेंबर १९७६ पासून त्याला 'नागरी हक्क संरक्षण कायदा' हे नाव मिळाले. निदान एक महिना कैद आणि शंभर रुपये दंड सक्तीचा झाला, आणि आपसात मिटविण्याची सोय काढून टाकली.

सोय काढली म्हणून मिटविणे थांबले काय? नाही. ते चावडीवरून उठले आणि साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. पूर्वी फिर्यादी म्हणे, मिटले. आता साक्षीदार म्हणतो, मी पाहिले नाही. कोर्टाच्या भाषेत याला साक्षीदार फितूर झाला असे म्हणतात. आम्हांस हा शब्द पसंत नाही. फितूर तो, जो लाभासाठी आपली बाजू सोडतो. आमच्या साक्षीदारांपैकी फार थोड्यांना लाभ मिळालेला असतो.

एक खटला सांगतो. गावाचे नाव घेत नाही. एक तरुण मुलगा, शिकलेला, परगावी नोकरीला असलेला, सणाला घरी आला आणि गावातल्या केशकर्तनालयात गेला. दुकानदार म्हणाला, तुमच्या वस्तीतल्यांची आम्ही करत नाही. मुलाने तडक ठाणे गाठले. खुर्चीत त्या वेळी एक गिऱ्हाईक होते, अर्धी दाढी झालेली. त्याने पोलिसांपुढे सगळे नीट सांगितले होते. कोर्टात उभे राहिल्यावर तो म्हणाला, "सायेब, डोळ्यांवर साबण हुता. मला काय दिसलं न्हाई." कोर्टात हशा झाला. आम्ही त्याला फितूर जाहीर करून उलटतपास मागितला आणि विचारले, साबण कानांतही होता काय? त्यालाही हसू आले. पण उत्तर द्यायला तो तयार नव्हता. खाली मान घालून उभा राहिला. एवढे मात्र त्याने कबूल केले, की तो त्या वेळी दुकानात होता, मुलगा आत आला होता, आणि केस न कापता परत गेला.

फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच्या सगळी टाकून द्यावयाची नसते. विश्वसनीय तेवढी घेता येते, हे तत्त्व आता पक्के झाले आहे. आपल्या गावी चांदीचा टंच काढतात, तसे हे आहे. हीण आहे म्हणून कोणी वस्तू रस्त्यावर फेकत नाही; आत चांदी किती ते पाहतो. त्या माणसाच्या साक्षीत चांदी निघाली ती एवढीच: मुलगा आला आणि तसाच गेला. मुलाची स्वतःची साक्ष ठाम होती. कारणाचे गृहीतक १२ व्या कलमाने पुरविले. शिक्षा झाली, कायद्यात सांगितलेली कमीत कमी, एक महिना.

आता या खटल्याची दुसरी बाजू. शिक्षा झालेला दुकानदार गावातला अगदी लहान माणूस. तपासात तो बोलून गेला होता, की याची कटिंग केली तर बाकीची गिऱ्हाइके तुटतात, तशी तंबी मिळाली आहे. तंबी कोणी दिली ते सांगेना. चिथावणी देणाऱ्यालाही या कायद्यात शिक्षा आहे. परंतु नाव कोण घेणार? गावात ज्याचा शब्द चालतो तो माणूस कोर्टाच्या कट्ट्यावर प्रेक्षक म्हणून बसून होता. आणि तो मुलगा? तो अजूनही तालुक्याच्या ठिकाणीच केस कापतो. आम्ही जिंकलेल्या खटल्यांत हा मोडतो.

त्या अर्ध्या दाढीच्या साक्षीदाराला आम्ही कोर्टाबाहेर गाठले. रागावून नव्हे, काय झाले ते समजावे म्हणून. तो म्हणाला, "तुमी निकाल लागला की एस्टीत बसून जाणार. मला त्याच गल्लीत ऱ्हायाचं हाय. पोरीचं लगीन काढलंय." यावर आम्ही काय बोलणार? आम्ही एस्टीत बसून गेलो.

तपासातल्या उणिवा हा या धंद्याचा दुसरा जाच. त्यावर फार वेळ घेत नाही. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. एखाद्या फौजदाराने उत्साहाने केलेला तपास याच मुद्द्यावर आडवा होतो. जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडायचा राहतो, आणि सारे गाव ज्याची जात जाणते त्याची जात कोर्टाला कळत नाही. शिवीगाळीच्या गुन्ह्यात ती शिवी लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी दिलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना दिलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा सांगितले. जबाब लिहिणाऱ्याने जागेचे वर्णनच केलेले नसले तर वकील ते आपल्या पदरचे घालू शकत नाही. पैंजणाच्या सगळ्या कड्या नक्षीदार असल्या आणि एका जोडाचा डाख कच्चा राहिला, तर पैंजण तिथेच तुटते. हे हुपरीत आम्ही सांगावे असे नाही.

खैरलांजीचे उदाहरण यापेक्षा गंभीर आहे. भंडारा जिल्ह्यातील त्या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी सहांना फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने २०१० साली ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. खून शाबीत झाले. परंतु अत्याचाराचा कायदा त्या प्रकरणी टिकला नाही. कारण काय, तर हे खून आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणातील साक्षीच्या रागातून झाले, जातीच्या कारणावरून झाले असे म्हणता येत नाही. त्या वेळच्या कलमाचे शब्दच तसे होते: बळी पडलेला माणूस अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडलेला असला पाहिजे. १९५५ च्या कायद्यातले १२ वे कलम जे गृहीत धरते ते इथे फिर्यादी पक्षाला शाबीत करावे लागत होते. कायदा नवा, शिक्षा कडक, पण पुराव्याचा भार पुन्हा जुन्याच जागी. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते शब्द बदलले. माणूस त्या जातीचा आहे हे 'माहीत असून' केलेला गुन्हा आता पुरतो, आणि ओळखीच्या माणसाला जात माहीत होती असे कोर्ट गृहीत धरते. दोन शब्दांचा फरक. त्या दोन शब्दांसाठी किती खटले वाया गेले असतील, याचा विचार आम्ही करीत नाही, कारण करून झोप लागत नाही.

आणि एक गोष्ट पाहा. खैरलांजीत राग कशाचा होता? साक्ष दिल्याचा. आमचा साक्षीदार मान खाली का घालतो, याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ साली झालेल्या एका शाळकरी मुलाच्या खुनाचा खटला २०१७ साली सर्व आरोपींच्या सुटकेत संपला. साक्षीदार एकामागून एक उलटले होते.

अशा वेळी आम्हांस अमेरिकेतील आमच्या व्यवसायबंधूंची आठवण होते. तिथल्या केंद्रीय न्याय खात्यात १९५७ साली नागरी हक्क विभाग निघाला. दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात काळ्या नागरिकांना मतदार म्हणून नोंदवून घेत नसत. साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. आला तर त्याचे घर जळे. जॉन डोअर नावाच्या सरकारी वकिलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, कचेरीत बसून पोलिसांच्या कागदांची वाट न पाहता ते स्वतः खेड्यापाड्यांतून, शेतावरून हिंडले. दुसरी, नोंदणी अधिकाऱ्यांचीच दप्तरे त्यांनी ताब्यात घेऊन त्यांच्या छायाप्रती काढल्या. वाचनाच्या परीक्षेत गोऱ्याने चुका केल्या तरी तो पास, काळ्या शिक्षकाने बिनचूक लिहिले तरी तो नापास, हे त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात निघाले. कागदाला पोरीचे लग्न काढायचे नसते. १९६४ साली त्याच राज्यात नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला, राज्य सरकारने खुनाचा खटला भरला नाही, तेव्हा या वकिलांनी १८७० चा एक जुना कायदा धुंडाळून काढला आणि हक्क हिरावण्याचा कट केल्याबद्दल अठरा जणांवर खटला चालविला. १९६७ साली सर्व गोऱ्या पंचांनी त्यांपैकी सातांना दोषी ठरविले. सर्वांत मोठी शिक्षा दहा वर्षांची. तीन खुनांना ती थोडी आहे, हे खरे. पण त्या भागात असा निकाल लागू शकतो हेच पूर्वी कोणाला खरे वाटले नसते.

दप्तर पाहण्याची ती युक्ती आमच्या एका प्रकरणात उपयोगी पडली. एका गावात भांडणानंतर सहा घरांवर बहिष्कार पडला. बहिष्कार शाबीत करणे हे फार कठीण काम. मारहाणीची जखम असते, शिवी ऐकलेली असते. बहिष्कारात काही घडतच नाही. रोजगाराला बोलावणे येत नाही, गिरणीवाला आज बंद आहे म्हणतो, समोरून येणारा वाट बदलतो. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कसा करणार? गावातला एकही माणूस बोलेना. त्या सहा घरांत चारांकडे म्हशी होत्या. आम्ही तपासी अंमलदारांना विनंती केली, की दूध संस्थेची संकलन वही आणा. वहीत त्या चारही नावांपुढे सकाळ-संध्याकाळच्या लिटरचे आणि फॅटचे आकडे महिनोन्महिने होते, आणि भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून चारही नावांपुढे एकदम रेघ. चार घरांच्या म्हशी एकाच दिवशी आटल्या, असे म्हणणे बचावाच्या वकिलांनाही जड गेले. आता मोबाइलवरचे चित्रण असते, व्हॉट्सॲपवरचे निरोप असतात. कायद्याने सांगितलेला दाखला जोडला तर तोही पुरावा होतो. आम्ही तरुण पोलीस अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो, की साक्षीदार शोधा, पण त्याच्याआधी वही शोधा.

इथे सभेत कोणाच्या तरी मनात एक प्रश्न घोळत असेल. तो नंतर चिठ्ठीवर येण्यापेक्षा आम्हीच घेतो. या कायद्याखाली खोट्या फिर्यादी होत नाहीत काय? होतात. चोरीच्याही होतात, हुंड्याच्याही होतात. आमच्या पाहण्यात आलेल्या खोट्या फिर्यादींपैकी काहींत तर गावच्या निवडणुकीतील दोन तालेवार गट भांडत होते आणि एका गटाने आपल्या गड्याला फिर्यादी म्हणून पुढे केले होते. म्हणजे तिथेही वापरला गेला तो गरीबच. असे दिसले की आम्ही तसे लेखी कळविले आहे. परंतु आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, हे अनुमान चुकीचे आहे. सुटला याचा अर्थ पुरावा पुरला नाही एवढाच. साबण डोळ्यांत गेल्यामुळे सुटलेले आरोपी खोट्या फिर्यादींच्या यादीत मोजू नयेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी, योगायोगाने चवदार तळ्याच्याच तारखेला, अटकेपूर्वी चौकशीचे आणि परवानगीचे बंधन घातले. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून ते काढले आणि २०२० साली न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा निरपराध माणसाला दारच नाही, ही ओरड खरी नाही.

साक्षीदाराकडे पुन्हा येतो, कारण आपल्यापैकी कोणावरही ती पाळी येऊ शकते. आपल्या गावात घरोघरी चांदीचे काम चालते. दिवस मोडला की मजुरी मोडते. कोर्टाच्या तारखेला जाणे म्हणजे तो दिवस गेला, आणि तारीख पुढे पडली की दुसराही गेला. फार थोड्यांना ठाऊक आहे, की या कायद्याच्या नियमांत फिर्यादी आणि साक्षीदार यांना प्रवासखर्च, भत्ता आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई सांगितली आहे. ती मागावी लागते, आणि मागायला कोणी सांगत नाही. २०१६ पासून आणखी तरतुदी आल्या. साक्षीदाराला संरक्षण, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय, कोर्टातील प्रत्येक कामाची आगाऊ सूचना. आरोपीच्या जामिनाचा अर्ज चालताना ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे; ती नुसती औपचारिकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आहे. 

त्यात आमच्या भागाची अडचण अशी होती, की विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या हुकुमावर अपील उच्च न्यायालयात जाते. हुपरी परिसरातील एखाद्या शेतमजूर बाईला नोटीस मिळे, की अमुक तारखेला मुंबईस हजर राहावे. रात्रीच्या गाडीचे भाडे, मुंबईत उतरायचे कोणाकडे, कोर्ट कुठे, कोणत्या मजल्यावर. ती जात नसे. तिचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क कागदावर पुरा होई आणि आरोपी जामिनावर गावात परत येई. मग साक्षीचा दिवस उगवेपर्यंत तो रोज तिच्या दारावरून जाई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. वकिलांच्या दृष्टीने ती प्रतिष्ठेची गोष्ट असेल. त्या बाईच्या दृष्टीने ती सकाळच्या एस्टीने जाऊन संध्याकाळी स्वयंपाकाला परत येण्याची गोष्ट आहे. बेंच सुरू होऊन अजून फार काळ लोटलेला नाही. या खटल्यांत त्याने किती फरक पडला ते आकड्यांनी सांगायला अवकाश लागेल. एवढे मात्र खरे, की अशा सुनावणीस जाण्यासाठी आता मुंबईची वाट धरावी लागत नाही.

तिच्याबरोबर त्या एस्टीत दुसरे कोणी बसते का, ही माहिती आमच्या दप्तरात येत नाही. ती आपल्याला असेल.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. कोणाला काही शंका विचारावयाच्या असतील तर आम्ही थांबलो आहोत. चालू खटल्याविषयी मात्र विचारू नये, त्याचे उत्तर आम्हांस देता येणार नाही.